पाऊस सिवनीत, पूर आमच्या दारात

वैनगंगेच्या काठावर राहणाऱ्या माणसाने मोबाईलमध्ये फक्त भंडाऱ्याचं हवामान पाहिलं, तर त्याने काहीच पाहिलं नाही. हे मी आज ठामपणे लिहिते आहे. २९ ऑगस्ट २०२० च्या शनिवारी संध्याकाळीही मी गावात हेच सांगितलं होतं. तेव्हा कोणी ऐकलं नाही. आता दर भाद्रपदात तेच लोक मला विचारतात, ‘‘बाई, वरती कसं आहे?’’ विचारतात याचं समाधान आहे, पण त्या रात्रीचा राग अजून गेलेला नाही. तो जाईल असं वाटतही नाही. म्हणून एकदा सगळं लिहून काढते. काठावरच्या दुसऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

आमचं गाव माडगीच्या खाली आणि कारध्याच्या वर आहे. एवढंच सांगते, नाव लिहीत नाही. ज्या माणसाबद्दल मला बोलायचं आहे तो त्याच गावात राहतो, आणि आमच्या बांध्या एका धुऱ्याला लागून आहेत.

त्या आठवड्यात गुरुवारी गौरी गेल्या होत्या. गणपती बसलेले होते, पण करोनामुळे मंडप नव्हते, गर्दी नव्हती. रोवणी होऊन महिना उलटला होता. हलका धान निसवायला आला होता, भारी धान फुटव्यावर होता. नदीकडच्या तुकड्यात वांगी आणि भेंडी होती. काठावर मोटार होती. घरात वर्षभराचं खायचं धान आणि बचत गटाची मिरची पोत्यांत भरून ठेवली होती. मालक नागपूरला नोकरीवर, टाळेबंदीच्या भानगडीत त्यांचं येणं-जाणं कमी झालेलं. शेती मीच पाहते, तेव्हाही मीच पाहत होते. सातबारा मात्र त्यांच्या नावावर आहे. हे आत्ताच सांगून ठेवते, पुढे त्याचा संबंध येतो.

माझी धाकटी बहीण बालाघाटकडे वारासिवनीला दिली आहे. भंडारा, गोंदिया, बालाघाट, सिवनी इथल्या सोयरिकी राज्याची सीमा पाहून होत नाहीत, हे आमच्याकडच्यांना सांगायला नको. शुक्रवारी रात्री तिचा फोन आला. म्हणाली, ताई, इकडे पाऊस थांबायचं नाव घेत नाही, नाल्यांवरून पाणी चाललं आहे, रस्ते बंद आहेत, आणि छपाऱ्याकडचे पाहुणे सांगतात की धरणाचे दरवाजे उघडले. छपाऱ्याकडचं धरण म्हणजे भीमगड, ज्याला आपल्याकडच्या बातम्यांत संजय सरोवर म्हणतात. वैनगंगेवरचं ते पहिलं मोठं धरण. तिथलं पाणी आमच्यापर्यंत यायला दिवस-दीड दिवस लागतो, हे माझे सासरे नेहमी सांगायचे. ते हयात असते तर शुक्रवारी रात्रीच पोती हलली असती.

आमच्याकडे शुक्रवारी पाऊस झाला होता. शनिवारी दुपारनंतर उघडला. संध्याकाळी तर ढग फाटून चांदणं पडलं. मी नदीवर जाऊन आले. पाणी काठाच्या आत होतं, पण गढूळ झालं होतं आणि मधोमध पालापाचोळा, लाकडाचे ओंडके धावत होते. आमच्यावर तेवढा पाऊस झालाच नव्हता. मग हे ओंडके आले कुठून? घरी आले आणि सरळ त्या शेजाऱ्याकडे गेले. गावात तेव्हा मोजकेच ट्रॅक्टर होते आणि ट्रॉली फक्त त्याच्याकडे मोकळी होती. म्हटलं, भाऊजी, भाडं घ्या, डिझेल मी टाकते, पण आज रात्री माझी पोती शाळेवर नेऊन द्या. शाळा उंचावर आहे.

तो ओट्यावर बसला होता, बाजूला आणखी दोघं-तिघं. त्याने उठायचे कष्टही घेतले नाहीत. वर हात करून म्हणाला, ‘‘वहिनी, आभाळ पाहा ना जी. चांदणं पडून राहिलं.’’ मी बहिणीचा फोन सांगितला. त्यावर म्हणाला, ‘‘बालाघाटचा पाऊस बालाघाटात. आपल्याले काय?’’ मग त्याने मोबाईल काढला आणि सगळ्यांना दाखवला. भंडारा, उद्याचा दिवस, ढगाचं चित्र, हलका पाऊस. बाकीचे हसले. एकजण म्हणाला, बायका फोनवर ऐकतात आणि भेतात.

मी तिथे वाद घातला. सांगितलं की पाणी आभाळातून येणार नाही, नदीतून येणार आहे. सांगितलं की ऑगस्ट संपतो आहे, धरणं भरलेली आहेत, वरच्या पाण्याला थांबायला जागा नाही. हे सगळं मी तेव्हाच बोलले होते आणि ऐकणारे आजही गावात आहेत. त्याने शेवटी एवढंच म्हटलं, सकाळी पाहू. शेजारी बसलेल्यांतला एकही जण उठला नाही.

घरी येऊन मी एकटीने जमेल तेवढं केलं. सातबारा, बँकेचं पासबुक, आधार कार्ड, गटाचं रजिस्टर एका पिशवीत घातलं. शेळ्या सोडून शाळेच्या आवारात नेऊन बांधल्या. गटाच्या दोघी जणी मदतीला आल्या, त्यांच्यासोबत मिरचीची थोडी पोती डोक्यावरून नेली. धानाची पोती बायकांच्या डोक्यावर किती जाणार? लाकडी पलंगावर आणि चुलीच्या ओट्यावर जेवढी रचता आली तेवढी रचली.

रात्री जेवणं झाल्यावर मी पुन्हा बाहेर पडले, यावेळी नदीकडे नाही, नाल्याकडे. आमच्या गावाच्या कडेने एक नाला जातो आणि नदीला मिळतो. चांदण्यात पाणी चमकत होतं. कुणाच्या तरी वाड्यातली तणसाची पेंडी पाण्यावर तरंगत होती. मी तिच्याकडे पाहत उभी राहिले आणि माझ्या लक्षात आलं की ती पेंडी नदीकडे जात नाही, गावाकडे येते आहे. नाला उलटा वाहत होता. आवाज नाही, लोंढा नाही. पाणी सावकाश, गुपचूप वर चढत होतं. नदी इतकी फुगली होती की नाल्याला आपलं पाणी तिच्यात सोडता येत नव्हतं, उलट नदीच नाल्यातून गावात शिरत होती. आमच्या डोक्यावर पावसाचा थेंब नव्हता.

त्या क्षणी भीतीपेक्षा मला संताप जास्त आला. जे मी संध्याकाळपासून सांगत होते ते डोळ्यांसमोर घडत होतं, आणि ओट्यावरचे सगळे झोपले होते. मी ओरडत टोलीतून गेले. लोक उठले. नाल्याच्या बाजूची घरं आधी रिकामी केली, म्हातारी माणसं आणि लेकरं शाळेत नेली. ट्रॅक्टरचा आवाजही आला. त्या भाऊजींनी ट्रॉली काढली होती, स्वतःची पोती भरायला. एक खेप, मग दुसरी. मी रस्त्यात उभी राहून हात केला, तेव्हा त्यांनी मान फिरवली. तिसऱ्या खेपेला रस्त्यावर पाणी आलं आणि ट्रॅक्टर बंद झाला.

पहाटेपर्यंत आमच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. रविवारी दिवसभर शाळेच्या आवारातून आम्ही आमच्याच गावाचे पत्रे मोजत बसलो. भंडारा शहरातही पाणी शिरलं. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या बोटी जिल्ह्यात फिरल्या. आमच्या खालच्या गोसीखुर्द धरणाचे ३३ च्या ३३ दरवाजे उघडले आणि तेच पाणी पुढे ब्रह्मपुरी, वडसा आणि गडचिरोलीकडच्या गावांत गेलं. माणूस आमच्या गावातला एकही गेला नाही, त्याबद्दल देवाचे आभार. पण धान भिजून कोंब आले, काठावरची मोटार वाहून गेली, वांग्याच्या तुकड्यावर गाळ बसला आणि भारी धानाची बांधी पाणी उतरेपर्यंत कुजून गेली.

पाणी ओसरल्यावर चावडीत तोच माणूस काय बोलला ते ऐका. म्हणाला, बाईमाणसाने पोती आधीच हलवायला पाहिजे होती, मालक घरी नसले की असंच होतं. मी समोर उभी होते. त्याला थांबवून विचारलं, शनिवारी संध्याकाळी मी तुमच्या ओट्यावर कशासाठी आले होते? उत्तर आलं नाही. नुकसान एक वेळ भरून निघतं. पण ज्याने ऐकलं नाही त्यानेच नंतर शहाणपण शिकवावं, हे विसरता येत नाही.

एका कार्यालयातही असंच ऐकायला मिळालं. तिथल्या साहेबांचं म्हणणं, सूचना तर सगळ्यांना दिली होती. सूचना मीही वाचली होती. आवक वाढल्याने विसर्ग वाढवण्यात येत आहे, नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावे, एवढीच. किती वाजता पाणी येणार, कुठवर चढणार, कोणत्या गावांनी घरं सोडायची, यातलं काही नाही. आकडा होता, तो क्युमेकमध्ये. सतर्क राहायचं म्हणजे नेमकं काय करायचं? जागं राहायचं का निघून जायचं? हा प्रश्न मी त्यांनाही विचारला. ते म्हणाले, पुढचा.

आता हे असं का होतं ते सांगते, कारण गावात अजूनही पुष्कळ लोक पूर म्हणजे आपल्या डोक्यावरचा पाऊस असं धरून चालतात.

पहिली गोष्ट वाटेची. वैनगंगा उगवते सिवनी जिल्ह्यात, मुंडारा गावाजवळ. सिवनीला वळसा घालून ती बालाघाटात येते आणि मग आपल्याकडे. वाटेत गोंदियाच्या अंगाने बाघ नदी तिला मिळते, जिच्या प्रकल्पात शिरपूर, पुजारीटोला आणि कालीसरार ही धरणं आहेत. तुमसरच्या बाजूने बावनथडी येते, तिच्यावर दोन राज्यांचा मिळून राजीव सागर आहे. म्हणजे आमच्या दारात येणारं पाणी किमान चार जिल्ह्यांच्या रानातून येतं. भंडाऱ्याच्या खाली पवनीकडे जा, तर त्यात कन्हानही येऊन मिळते. तिच्या पाठीमागे पेंच, तोतलाडोह आणि थेट छिंदवाड्यातलं चौराई धरण. २०२० च्या त्याच पुरात नागपूर जिल्ह्यात कामठी, मौदा, कुही या तालुक्यांतली गावं कन्हानच्या पाण्याने बुडाली होती. लाखांदूरच्या लोकांना चुलबंदीचं वेगळं भय आहे.

दुसरी गोष्ट वेळेची. जून-जुलैत धरणं रिकामी असतात. सिवनीत कितीही कोसळला तरी धरण ते पोटात घेतं आणि आपल्याला कळतही नाही. ऑगस्टच्या शेवटी आणि सप्टेंबरात तीच धरणं काठोकाठ भरलेली असतात. मग वरून जेवढं येईल तेवढं खाली सोडण्यावाचून त्यांना मार्ग नसतो. तोच पाऊस जुलैत बिनधोक जातो आणि पोळ्यानंतर घर बुडवतो. पावसाळा संपत आला म्हणून लोक निर्धास्त होतात, आणि नेमका तोच काळ सर्वांत वाईट असतो. २०२० चा पूर ऑगस्टच्या अखेरचा, २०२२ चा ऑगस्टच्या मध्याचा. २०२४ च्या सप्टेंबरात तर पाऊस जिल्ह्यावरच कोसळला. तो प्रकार वेगळा, पण महिना बघा.

तिसरी गोष्ट वाऱ्याची. या दिवसांत बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार होतं आणि ओडिशा, छत्तीसगड करत मध्य प्रदेशाकडे सरकतं. अशा क्षेत्राचा सर्वांत जास्त पाऊस सहसा त्याच्या नैर्ऋत्य बाजूला पडतो. ते पूर्व मध्य प्रदेशावर आलं की त्याच्या नैर्ऋत्येला कोण येतं? सिवनी, बालाघाट, छिंदवाडा. आपल्या वरची बरीच धरणं तिथेच. ऑगस्ट २०२० च्या शेवटच्या आठवड्यात हेच झालं होतं. म्हणून बातम्यांत ‘छत्तीसगडवरून मध्य प्रदेशाकडे’ हे शब्द ऐकले की मी त्या दिवशी दुसरं काम बाजूला ठेवते.

माझ्या मुलाने मला एक गोष्ट वाचून दाखवली. अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटात अँटिलोप कॅन्यन नावाची अरुंद दरी आहे. वाळूच्या दगडात पाण्याने कोरलेली, काही ठिकाणी हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागावी इतकी चिंचोळी. तिथेही जुलै ते सप्टेंबर पावसाळी वादळं येतात. १२ ऑगस्ट १९९७ ला तिथे दरीत उतरलेले अकरा जण पाण्याच्या लोंढ्यात गेले. पाऊस दरीवर नव्हता, काही मैलांवर वरच्या अंगाला पडला होता. ते वाळवंट आणि हा धानाचा मुलूख, पण नियम एकच. पाण्याला वरच्या बाजूचं आभाळ विचारायचं असतं. अमेरिकेत जाऊन लोक हे शिकतात आणि आमच्या ओट्यावर बहिणीच्या फोनला हसतात.

आता काय करायचं ते सांगते. हे मी पदरचं गमावून शिकले आहे, तेव्हा कुणी हसू नये.

मोबाईलच्या हवामान ॲपमध्ये गाव जोडता येतं. भंडारा असू द्या, पण सोबत सिवनी, बालाघाट आणि छिंदवाडाही जोडा. पवनी, लाखांदूरवाल्यांनी छिंदवाडा तर जोडायचाच. हवामान विभागाचं ‘मौसम’ ॲप आहे, तेच वापरा. विदर्भाचा अंदाज नागपूरच्या केंद्राकडून येतो, पण सिवनी-बालाघाटचा भोपाळकडून येतो. आपल्या वर्तमानपत्रांत आणि चॅनेलांवर नागपूरचाच येतो. म्हणजे ज्या आभाळातून आपला पूर येतो त्याचा अंदाज आपल्याला कुणी वाचूनच दाखवत नाही. तो आपण शोधून वाचायचा.

अंदाजातले शब्द नीट वाचा. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे जिल्ह्यातल्या थोड्याच जागी, ‘बहुतांश ठिकाणी’ म्हणजे जवळजवळ सगळीकडे. सिवनीसाठी बहुतांश ठिकाणी मुसळधार असं लिहिलं असेल तर ती आपल्यासाठी सूचना समजा. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर गेला की मुसळधार, ११५.६ च्या वर अतिमुसळधार आणि २०४.४ च्या वर गेला की अत्यंत मुसळधार. पिवळा रंग म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. मी स्वतःपुरता नियम केला आहे. ऑगस्टच्या पंधरा तारखेनंतर वरच्या जिल्ह्यांत केशरी दिसला की मी तो आपल्याकडे लाल समजते.

क्युमेक आणि क्युसेक यांत गल्लत करू नका. एक क्युमेक म्हणजे सेकंदाला एक हजार लिटर. एक क्युसेक त्याच्या पस्तिसाव्या भागाएवढा. दहा हजार क्युसेक ऐकून गावभर पळू नका, पण दहा हजार क्युमेक ऐकलं तर बसूनही राहू नका. आपल्याकडच्या सूचना क्युमेकमध्ये असतात.

कारध्याच्या पुलाजवळची धोक्याची पातळी २४५.५० मीटर आहे. हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा. पण त्याहून उपयोगाचं म्हणजे तुमच्या घराच्या उंबऱ्यापर्यंत पाणी आलं तेव्हा कारध्याला किती होतं, ते एकदा शोधून काढा आणि त्याच्याखाली लिहा. जिल्ह्याचा आकडा सगळ्यांचा असतो, उंबऱ्याचा आकडा तुमचा एकट्याचा. केंद्रीय जल आयोगाचं ‘फ्लडवॉच इंडिया’ नावाचं ॲप २०२३ पासून आलं आहे, त्यात नदीच्या पातळ्या दिसतात. ते वापरायला पोरांकडून शिकून घ्या.

वरच्या गावात एक माणूस ठेवा. बहीण असो, साळा असो, बाजारातला ओळखीचा असो. केवलारी, बालाघाट, वारासिवनी, कुठलाही. पाऊस सुरू झाला की रोज संध्याकाळी एक फोन करा. पाऊस किती पडला असं विचारू नका, नदी कुठवर आली ते विचारा. पाऊस माणूस अंदाजाने सांगतो, नदी डोळ्याने पाहून सांगतो.

नाला पाहा. नदी पाहायला सगळे जातात, नाला कोणी पाहत नाही. नाल्याचं पाणी थांबलं, की घर सोडायची वेळ झाली. उलटं वाहू लागलं, तर उशीर झाला आहे. गणपतीच्या दिवसांत जेवण झाल्यावर कुणीतरी एकाने टॉर्च घेऊन नाल्यावर जायचं, असा आता आमच्या गटाच्या बायकांनी नियम केला आहे.

मोटार पोळ्याच्या सुमारास काठावरून उचलून आणा. त्या दिवसांत धानाला पाणी बहुधा पुरतं. नाही पुरलं तर पुन्हा बसवता येते, वाहून गेलेली परत येत नाही. खायचं धान आणि बियाणं एकाच ठिकाणी ठेवू नका. नदीकडच्या खोलगट बांधीत पुराचं पाणी सोसणारं वाण लावता येतं. ‘स्वर्णा सब-१’ हे वाण पाण्याखाली दोन आठवड्यांच्या आसपास तग धरतं. सहायक कृषी अधिकाऱ्याला विचारून घ्या.

विम्याबद्दल फार जपून राहा. शेतात पाणी साचून पीक गेलं तर ७२ तासांत कळवायचं असतं, हे सगळे सांगतात. पण २०१८ च्या सुधारित नियमांत या वैयक्तिक भरपाईतून धान वगळला होता. पाण्यातलं पीक म्हणून! भंडारा जिल्ह्यात लोक लावतात काय? धान. आणि पुराने जातो काय? तोच. म्हणजे आम्ही हप्ता भरत होतो आणि ज्या संकटासाठी भरत होतो तेच त्यात नव्हतं. हे मला पाणी उतरल्यावर, फोनवर एका अनोळखी आवाजाने सांगितलं. केंद्राने आता २०२६ च्या खरिपापासून धानाला त्यात परत घ्यायचं जाहीर केलं आहे. चांगलं केलं. पण हप्ता भरताना त्या वर्षीचा नियम स्वतः विचारा, १४४४७ हा मदतीचा क्रमांक आहे, आणि उत्तर लिहून ठेवा.

सरकारी मदतीसाठी ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान पंचनाम्यात लागावं लागतं. पंचनामा होईपर्यंत गाळ काढू नका, वाहून आलेलं काही हलवू नका, तारीख आणि ठिकाण उमटेल असे फोटो काढा. ई-पीक पाहणी वेळेवर करा, नाहीतर कागदावर तुमच्या शेतात धान नसतोच. आणि बायांनो, सातबाऱ्यावर तुमचं नाव लागलं नसेल तर लावून घ्या. पंचनाम्याला आलेल्या माणसाने मला विचारलं, मालक कुठे आहेत? बांधीत चिखलात उभी मी होते, आणि सही मात्र नागपूरच्या माणसाची पाहिजे होती.

बाकी नेहमीचं सगळ्यांना माहीत आहे, तरी सांगते. पाणी वाहत असलेल्या पुलावरून गाडी घालू नका. विजेचा मेन स्वीच आधी बंद करा. पूर ओसरल्यावर घरात हात घालताना काठी आधी घाला, साप असतात. विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकल्याशिवाय पाणी पिऊ नका. जिल्ह्याचा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७ वर आहे आणि ११२ सगळीकडे चालतो.

गावाने करायचं एक काम आहे आणि ते कुणी करत नाही. ट्रॅक्टर, ट्रॉली आणि डोंगे यांची यादी ऑगस्ट लागायच्या आधी ग्रामपंचायतीत लिहून ठेवा. कोणाची ट्रॉली आधी कोणत्या घराला जाईल ते ठरवून ठेवा. एकटी बाई, म्हातारी, अपंग माणसं आधी, ट्रॅक्टरच्या मालकाचं घर सर्वांत शेवटी. हे ग्रामसभेत सगळ्यांच्या सह्यांनी ठरवा. चांगुलपणावर सोडलं तर काय होतं ते मी रस्त्यात उभी राहून पाहिलं आहे.

आणि ज्यांच्या हातात धरणांचे दरवाजे आहेत त्यांना माझं सांगणं आहे. सूचना काढता तेव्हा क्युमेकसोबत गावांची नावं लिहा, पाणी पोचायची वेळ लिहा, कोणत्या गावाने घर सोडायचं ते लिहा. सिवनीतला दरवाजा उघडला की त्याच घटकेला भंडाऱ्यातल्या काठावर कळलं पाहिजे. दोन राज्यांच्या दोन कार्यालयांमधल्या कागदांत आमचे तास जाऊ देऊ नका. तो दिवस-दीड दिवस आमचा आहे. त्यात एक गाव पूर्ण रिकामं होतं, पोती, शेळ्या, म्हाताऱ्यांसकट.

काठावरच्या सगळ्यांना एकच विनंती. येत्या भाद्रपदात कुणी दारात येऊन सांगितलं की वरती पाऊस आहे, पाणी येणार, तर आधी ट्रॅक्टर काढा आणि मग आभाळाकडे पाहा.